ध्वनिमुद्रकाची पूर्वतयारी : मालवण परिशिष्टासह

चित्रपटाच्या लोकेशनवर नटांचे संवाद आणि भोवतालचे आवाज जागच्या जागी टिपणाऱ्याला ध्वनिमुद्रक म्हणतात. सेटवर त्याला नुसते ‘साउंड’ अशी हाक असते आणि निर्मात्याच्या अंदाजपत्रकात त्याची जागा जेवणखर्चाच्या खाली व पार्किंगच्या वर कुठेतरी असते. पहिल्या कामाची तयारी म्हणजे यंत्रांची तयारी, अशी नवख्याची समजूत असते. यंत्रे अंधेरीत भाड्याने मिळतात. शांतता मिळत नाही. ती जागेवर जाऊन, एकेका मालकाकडून, दोन-दोन मिनिटांच्या हप्त्याने मागून आणावी लागते. मालवणात अशा मालकांची संख्या मोठी आहे.

भारतात बोलपटाची सुरुवातच या उसनवारीने झाली. ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये झळकला. तो ज्या स्टुडिओत तयार झाला तो रेल्वेच्या रुळांजवळ होता, म्हणून गाड्यांची वर्दळ थांबल्यावर, मध्यरात्रीनंतरच चित्रण चाले. निर्माते-दिग्दर्शक अर्देशीर इराणी यांनी परदेशी तंत्रज्ञाकडून जुजबी धडे घेऊन ध्वनिमुद्रणातही स्वतः हात घातला. निर्माताच हेडफोन लावून बसला की साउंडला हवा तेवढा वेळ मिळतो, याचे हे पहिले आणि बहुधा शेवटचे उदाहरण. पुढे कॅमेरे हलके झाले आणि घरघरू लागले. लोकेशनवरचा आवाज फक्त डबिंगच्या वेळी ओठ जुळवण्यापुरता घ्यायचा, अशी रीत पडली आणि ‘डबिंगमध्ये बघू’ हे वाक्य हिंदी-मराठी सेटवर कायमचे मुक्कामाला आले. २००१ साली ‘लगान’ कच्छच्या माळावर सिंक साउंडने, म्हणजे जागेवरचाच आवाज कायम ठेवून, तयार झाला. त्याबद्दल नकुल कामटे आणि एच. श्रीधर यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २००९ मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे माजी विद्यार्थी रसूल पुकुट्टी यांना ऑस्कर मिळाला आणि आपण नेमके काय करतो हे घरच्यांना समजावणे नवख्याला थोडे सोपे झाले. मालवणात ते अजून सोपे नाही. तिथे साउंडवालो म्हणजे गणपतीला आणि लग्नाला स्पीकर लावणारा. त्यामुळे लोकेशनवर यंत्रे उतरवताना पहिला प्रश्न येतो तो भाड्याचा, आणि दुसरा ‘बेस किती?’ हा.

काम फोनवर येते. फोनवरचा माणूस सांगतो, दहा-बारा दिवस मालवण, समुद्रकिनारा, एकदम शांत जागा. ही जागा पाहायला आतापर्यंत दिग्दर्शक, कॅमेरामन आणि कलादिग्दर्शक जाऊन आलेले असतात आणि तिघांनीही ती फक्त पाहिलेली असते. म्हणून नवख्याने मानधनाआधी तीन गोष्टी विचाराव्यात. जनरेटर किती लांब उभा राहील? कॅमेरे एक की दोन? बूम, म्हणजे माइक लावलेली लांब काठी, धरायला वेगळा माणूस मिळेल का? तिसऱ्या प्रश्नावर पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू येत नाही. मग ‘तुम्ही एकटेच करता ना सगळं?’ असे विचारले जाते. एकट्याने बूम धरणे, मिक्सरची बटणे फिरवणे, चार वायरलेस माइकांवर नजर ठेवणे आणि रिपोर्ट लिहिणे शक्य आहे. त्यासाठी निसर्गाने दिलेल्या हातांची संख्या पुरत नाही इतकेच. बूमवाल्यासाठी अडून बसावे. पहिल्या कामात अडून बसण्यासारखी ही एकच गोष्ट आहे, बाकी सगळीकडे हरायचेच असते.

त्यानंतर जागेची पाहणी. ती चित्रण ज्या वेळी होणार त्याच वेळी करावी, कारण सकाळी सहाचे मालवण आणि अकराचे मालवण ही दोन वेगळी गावे आहेत. चिवल्याच्या किनाऱ्यावर पहाटे रापणीचे जाळे ओढतात तेव्हा माणसांच्या हाळ्यांखेरीज काही नसते. उन्हे वर आली की पर्यटकांच्या बोटी सुरू होतात, त्यांच्यामागून पॅरासेलिंग, आणि दांडीच्या किनाऱ्याकडे जावे तर एखादे यंत्र दुरुस्तीला काढलेले. संध्याकाळी मासळीचा लिलाव. दुपारी दोन ते चार गाव झोपते. पण त्या वेळी ऊन डोक्यावर असल्याने कॅमेरामन चित्रण करत नाही. ध्वनिमुद्रकाला सोयीची वेळ आणि कॅमेरामनला सोयीची वेळ यांची गाठ पडल्याचे या किनाऱ्यावर कोणी पाहिलेले नाही.

पाहणीत आवाजांची यादी करायची ती मोठा-लहान अशी न करता मालकाप्रमाणे करावी. बोटीच्या इंजिनाला मालक असतो, त्याच्याशी बोलता येते. लाकडाच्या वखारीला, पिठाच्या गिरणीला, शेजारच्या बांधकामावरच्या टाइल कापायच्या यंत्राला मालक असतो. देवळातल्या स्पीकरला समिती असते. समितीशीही बोलता येते, पण सगळे सभासद एकाच वेळी सापडत नाहीत. कावळ्याला मालक नाही. माडाला मालक असतो, पण तो माड मुंबईला डोंबिवलीत राहतो, म्हणजे मालक राहतो. माड इथेच असतो आणि वारा आला की झावळ्या एकमेकींवर घासत राहतात. ऐन भावनिक प्रसंगात नारळ पडण्याचा धोका टाळायचा असेल तर चित्रणाआधी पाडेली बोलावून तयार नारळ उतरवून घ्यावेत. हा खर्च निर्माता साउंडच्या नावावर टाकतो आणि शहाळी स्वतः पितो.

समुद्राला तर मालकही नाही आणि इलाजही नाही. इंजिनाची घरघर खालच्या पट्टीत असते. ८० हर्ट्झच्या खालचे कापणारा खटका दाबला की तिचा बराचसा भाग गळतो. लाटेच्या आवाजात मात्र खालपासून वरपर्यंत सगळ्या पट्ट्या असतात, माणसाच्या बोलण्याच्यासुद्धा, त्यामुळे लाट कापायला जावे तर नायिका कापली जाते. दिग्दर्शकाला नायिकेच्या मागे समुद्र हवाच असतो, नाहीतर मालवणला कशाला यायचे? अशा वेळी माइक डोक्यावरून खाली, वाळूकडे तोंड करून धरावा. शॉटगन माइक बाजूचे आणि मागचे उंच पट्टीचे आवाज बऱ्यापैकी टाळतो. वाळू स्वतः काही बोलत नाही. खालून वर धरला तर आकाशातले सगळे येते, आणि हल्ली आकाशात पर्यटक असतात.

याहून बिकट प्रकार भरती-ओहोटीचा. एखादे तीन मिनिटांचे दृश्य दिवसभर चालते: सकाळी एका बाजूचे चित्रण, जेवणानंतर दुसऱ्या बाजूचे. मधल्या वेळात समुद्र कुठल्या कुठे गेलेला असतो. परिणामी नायकाचा प्रश्न ओहोटीला होतो आणि नायिकेचे उत्तर भरतीला. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी राहिलेले शॉट घेऊ म्हणावे, तर भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते. कोकणात भरतीची वेळ काढायचा जुना ढोबळ हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करावी. अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला सव्वाअकराच्या. सहायक दिग्दर्शकाच्या लॅपटॉपमध्ये वेळापत्रकाची भारीतली भारी प्रणाली असली तरी तिला तिथी कळत नाही, म्हणून ध्वनिमुद्रकाने सामानात एक ‘कालनिर्णय’ ठेवावे. १९७३ पासून घराघरांत लटकणाऱ्या या दिनदर्शिकेचे जनक जयंत साळगावकर मूळचे मालवणचेच.

दिनदर्शिकेचा दुसरा उपयोग सणवारांचा. नारळी पौर्णिमेला मालवणच्या किनाऱ्यावर सारा गाव लोटतो. दिवाळी पाडव्याला रामेश्वर-नारायणाची पालखी निघते. त्या दिवशी विरहाचे दृश्य लावू नये. आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा मात्र कोणत्याही छापील पानावरून गाठता येत नाही, कारण तिची तारीख देवीला कौल लावून ठरते. ती जाहीर झाली की तालुक्यातली वाहने, माणसे, खोल्या आणि वडापाववाले चित्रणातून आपोआप वजा होतात. यांत्रिक बोटींच्या मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी असते, हे वाचून नवख्याला आनंद होतो. त्या दोन महिन्यांत इंजिने गप्प असतात, सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्याही बंद असतात, बंदर हवे तसे सुनसान असते. फक्त पाऊस पडत असतो. कौलांवर, पत्र्यावर, ताडपत्रीवर, रेकॉर्डरवर.

रात्रीचे चित्रण हा उपाय ‘आलम आरा’च्या वेळी चालला. मालवणात रेल्वे नाही, स्टेशन कुडाळला, म्हणजे इराणींची अडचण इथे मुळातच मिटलेली आहे. पण रात्र झाली की रातकिडे लागतात, एक कुत्रा भुंकला की सगळ्या वाडीचे कुत्रे त्याला दुजोरा देतात, आणि लांब कुठेतरी दशावतार असतो. दशावतार पहाटेपर्यंत चालतो. वाऱ्याची दिशा बदलली की मृदंग आणि पेटी थेट नायिकेच्या उशाशी येऊन बसतात.

आता सामान. यादी सोपी आहे: रेकॉर्डर-मिक्सर, दोन शॉटगन माइक, बूम पोल, वायरलेस लॅपल माइकांचे संच, हेडफोन, केबली, बॅटऱ्या आणि लागतील त्याच्या दुप्पट बॅटऱ्या. मालवणी हवेत यातल्या प्रत्येक वस्तूला घाम येतो. साध्या कंडेन्सर माइकमध्ये दमटपणा शिरला की तो कढईसारखा तडतडू लागतो. म्हणून किनारपट्टीवर जाणारे लोक सेनहायझरच्या ४१६ सारखा रेडिओ-फ्रिक्वेन्सी तत्त्वावर चालणारा माइक पसंत करतात, त्याला दमट हवेचे फारसे वावडे नसते. रात्री सगळे डब्यात बंद करून सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. माइक तांदळात पुरून ठेवण्याचा सल्ला खानावळवाल्या काकी देतात. तो मायेपोटी असतो, पाळू नये. खाऱ्या हवेने केबलीच्या टोकांवर हिरवट गंज चढतो, तो रोज पुसावा. वातानुकूलित खोलीतून माइक एकदम बाहेर काढू नये, त्यावर दव धरते. अर्थात ही सूचना निर्मात्याने वातानुकूलित खोली दिली असेल तर.

वाऱ्यासाठी माइकभोवती जाळीचा पिंजरा आणि त्यावर लांब केसांचे कव्हर चढवतात. बूमच्या टोकाला लावलेली ही केसाळ वस्तू हा गावाच्या कुतूहलाचा मोठा विषय होतो. बूम पोल दुरून आंबे काढायच्या झेल्यासारखा दिसतो, आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘नूतन झेला’ काढल्यापासून झेल्यात सुधारणा होऊ शकते हे कोकणाने मान्य केलेले आहे. त्यामुळे जून महिन्यात बूमवाला दिसला की ‘आंबे संपले मरे, आता झेलो कित्याक?’ हा प्रश्न स्वाभाविक ठरतो. माणसांची समजूत काढता येते, कुत्र्यांची काढता येत नाही. त्यांच्या मते काठीच्या टोकाला मांजर आहे आणि ते कुणीतरी मुद्दाम नेत आहे.

बूम हात वर करून, चौकटीच्या बाहेर, पण बोलणाऱ्याच्या शक्य तितक्या जवळ धरायचा असतो. अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने खाली येतो आणि समुद्र होता तिथेच राहतो. सगळे गणित एवढेच. दोन कॅमेरे लावून एकाच वेळी लांबचा आणि जवळचा शॉट घेण्याची दिग्दर्शकांना हौस असते. लांबच्या चौकटीत बूम दिसतो म्हणून तो मागे हटवतात, मग जवळच्या चौकटीत ओठ इथे आणि आवाज आचऱ्याला. ध्वनीला चौदा मीटर जायला साधारण एक फ्रेमचा वेळ लागतो, हे नवख्याला परीक्षेपुरते माहीत असते. चिवल्यावर त्याचा प्रत्यय येतो.

तेव्हा उरतो लॅपल माइक, कपड्यात लपवायचा. यासाठी वेशभूषेच्या माणसाशी चित्रणाच्या आधीच मैत्री करावी. सुती साडी चांगली, रेशमी वाईट, नवी कोरी कडक कांजी केलेली सर्वांत वाईट. मंगळसूत्र माइकवर आपटते, बांगड्या बूममध्येही येतात. माइक छातीवर चिकटवायला दवाखान्यातली कागदी चिकटपट्टी वापरतात. मे महिन्याच्या मालवणात ती पंधरा मिनिटे टिकते आणि मग माइक हळूहळू दक्षिणेकडे सरकतो. नटाला जेवणाआधी माइक लावला तर पोटातली गुरगुर येते. सुरमईच्या थाळीनंतर लावला तर घोरणे येते. दोन्हींतून निवड करायची असेल तर गुरगुर बरी, ती शब्दांच्या मधे येते.

या माइकांमुळे ध्वनिमुद्रकाला आणखी एक तयारी करावी लागते, तिचा उल्लेख कुठल्याच अभ्यासक्रमात नाही. दोन शॉटांच्या मधे नट माइक विसरतात. कोणाचा धनादेश वटला नाही, कोण कोणाला कंटाळले आहे, दिग्दर्शकाला पटकथा वाचता येते की नाही, याची माहिती सबंध युनिटमध्ये फक्त हेडफोनवाल्याकडे असते. ऐकताना चेहरा दगडी ठेवावा. नट वॅनिटी व्हॅनकडे निघाला की त्याचा आवाज ताबडतोब बंद करावा, आणि केला हे त्याला सांगूही नये.

घराच्या आतले चित्रण सोपे, असे वाटते. आत पंखा असतो. तो बंद करायला सांगणे हे ध्वनिमुद्रकाचे कर्तव्य आहे आणि ते बजावताच तो युनिटचा शत्रू होतो. त्यानंतर फ्रिज. गुणगुणणारा फ्रिज शॉटपुरता बंद करतात आणि परत लावायला विसरतात. यावर जगभरच्या ध्वनिमुद्रकांचा एक नामी तोडगा आहे: आपल्या गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवून द्यायची, म्हणजे निघताना आठवण होतेच. मालवणात हा तोडगा ऐच्छिक समजू नये. इतर ठिकाणी फ्रिजमध्ये दूध असते; इथे सरंगा, कोळंबी आणि मुंबईला लेकीकडे पाठवायला मीठमसाला लावून ठेवलेली सुरमई असते. त्या घरात दुसऱ्या दिवशीही चित्रण असते.

आता मालकांकडे वळायचे. २०१६ मध्ये ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका सावंतवाडीजवळच्या आकेरीत चित्रित होऊ लागल्यापासून शूटिंग म्हणजे काय हे सिंधुदुर्गाला नीट ठाऊक झाले आहे. ‘सायलेन्स!’ अशी भोंग्यातून आरोळी मारली तर कोणी गप्प बसत नाही, उलट कोण ओरडले ते बघायला चार माणसे जास्त येतात. ‘काकानू, जरा दोन मिनटां’ एवढे जवळ जाऊन म्हणावे. इंजिन बंद होते. पण तिसऱ्यांदा गेल्यावर काका विचारतात, ‘मगे माझो धंदो कोण करतलो?’ आणि याला ध्वनिमुद्रणशास्त्रात उत्तर नाही. चहा पाजावा, बोट निघायची वेळ विचारून घ्यावी आणि शॉट त्या दोन खेपांच्या मधे बसवावा. काका मग स्वतःच इतरांना गप्प करू लागतात, आणि आता गप्प करण्याचा आवाज येतो. सर्वांत खात्रीची पद्धत म्हणजे पहिल्या दिवशी नारळ ठेवून गाऱ्हाणे घालताना, चित्रण सुखरूप होऊ दे याच्या जोडीला कॅमेरा चालू असताना कोणाचे तोंड चालू न राहो, हेही गाऱ्हाणे घालणाऱ्याच्या कानात घालून ठेवणे. जमलेला गाव त्याला ‘होय महाराजा’ म्हणतो. देवासमोर दिलेला शब्द मालवणी माणूस दुपारच्या जेवणापर्यंत तरी पाळतो.

भाषेचीही थोडी तयारी लागते. १९८० च्या ‘वस्त्रहरण’पासून मच्छिंद्र कांबळींनी मालवणी बोली साऱ्या महाराष्ट्राच्या कानावर घातली, त्यामुळे मुंबईच्या प्रत्येक नटाला आपल्याला ती येते असे वाटते. तो ‘खंय’ म्हणतो तेव्हा पाठीमागे बघायला उभे असलेले लोक हसतात आणि टेक जातो. नट चुकला की बोलीच तशी आहे, हे ध्वनिमुद्रकाला कळले पाहिजे, कारण चूक सापडली तर ती साउंडची धरली जाते.

प्रत्यक्ष टेकच्या वेळी संवादाची पातळी उणे बारा डेसिबलच्या आसपास ठेवावी आणि नट तालमीत कुजबुजला असला तरी टेकला ओरडेल हे गृहीत धरावे. टेक झाला, दिग्दर्शक खूश, कॅमेरामन खूश, आणि हेडफोनमध्ये मात्र नायिकेच्या ‘मी चालले’ या शब्दांवरून ट्रॉलर गेलेला. ‘साउंडसाठी अजून एक’ असे म्हणण्याची ही वेळ. नवख्याला हे दिवसातून दोनदा म्हणता येते. तिसऱ्यांदा म्हटले की ‘डबिंगमध्ये बघू’ येते, चौथ्यांदा म्हटले की पुढच्या चित्रपटाला दुसरा माणूस येतो. त्यामुळे सकाळच्या ट्रॉलरवर मागणी खर्च न करता संध्याकाळच्या जनरेटरसाठी राखून ठेवण्याचा सराव करावा. मधल्या सगळ्या प्रसंगांत, दृश्य संपताच नटाला बाजूला नेऊन तेच वाक्य कॅमेऱ्याशिवाय पुन्हा म्हणून घ्यावे. याला वाइल्ड ट्रॅक म्हणतात. नट नाखुशीने म्हणतो आणि बहुधा टेकपेक्षा चांगले म्हणतो.

प्रत्येक जागा सोडताना तिथली रिकामी शांतताही एक मिनिट मुद्रित करायची असते, संकलनात दोन वाक्यांमधली भोके बुजवायला. एक मिनिट पस्तीस माणसांनी हालचाल न करता उभे राहायचे. हे मिनिट लाइट उतरवण्याच्या आधी मागावे, नंतर मागितले तर तिपाया पडण्याचे मुद्रण होते. तिथे उभा असलेला स्पॉटदादा हटकून विचारतो की काहीच नाही तर रेकॉर्ड काय करताय. एकदा हेडफोन त्याच्या कानाला लावावा. त्यानंतर पुढचे सगळे दिवस तोच लोकांना गप्प उभे करतो.

रात्री मुक्कामावर फायली दोन ठिकाणी उतरवून साउंड रिपोर्ट लिहायचा: दृश्य, टेक, माइक, शेरा. शेरे संकलकासाठी असतात आणि तो अंधेरीत काचेआड बसलेला असतो, म्हणून त्याला कळेल असे लिहावे. ‘मागे समुद्र’ हा शेरा त्याला निरुपयोगी, तो सगळीकडेच आहे. ‘टेक ३ संवाद उत्तम, शेवटी नारळ’ हा उपयोगी. दोन्ही प्रती एका गाडीतून पाठवू नयेत, विशेषतः फोंडा घाटातून. शेवटच्या दिवशी भाड्याचे सामान मोजून परत करायचे: केबली सरळ गुंडाळलेल्या, माइक पुसलेले, केसाळ कव्हर विंचरलेले. भाडेवाला बॅग उलटी करतो, टेबलावर मूठभर चिवल्याची वाळू पडते आणि तो साफसफाईचे पैसे पावतीत वेगळे लावतो. ते निर्मात्याकडून वसूल करण्यासाठी पावती जपून ठेवावी.